बाद फोटोंचा डबा

माझी नात उदास नाही. हे मी बालवाडीच्या बाईंना सांगितलं, कंपनीला सांगितलं, भर सभेत सांगितलं. आता कंपनीच्या वकिलाने नोटीस धाडली आहे, की हे बोलणं ताबडतोब बंद करा. म्हणून तर सगळ्यांनाच सांगायला बसले आहे. पहिल्यापासून सांगते, ऐका.

मी शैलजा कोष्टी. मिरजेत 'शैल फोटो' नावाचा माझा स्टुडिओ आहे, पुढच्या खोलीत स्टुडिओ आणि मागे घर. पस्तीस वर्षं मी लहान मुलांचे फोटो काढत आले, तेही त्यांच्या घरी जाऊन. स्टुडिओत आणलं की पोरं बावचळतात. घरी जमिनीवर पालथं पडून तासभर वाट बघितली की मूल आपल्याला विसरतं, आणि मग चेहऱ्यावर जे येतं ते खरं असतं. ही कला मला येते, आणि तिचा मला भारी ताठा होता.

माझी लेक ऋतुजा बँकेत आहे. जावई बोटीवर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्यामुळे ऋतुजा आणि तिची साडेचार वर्षांची यमू माझ्याकडेच राहतात. यमू म्हणजे यमुना. माझ्या आईचं नाव.

तर जुलैत एके दिवशी ऋतुजा बँकेतून आली, ती मोबाइल पुढे धरूनच.

"आई, हे बघ. लाल आलं."

"काय लाल आलं?"

"यमूचं भावपत्रक गं! आनंद बावीस टक्के, उदासी एकसष्ट. लाल शेरा. बालवाडीतून फोनही आला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी पालकसभा आहे, तोवर सुधारणा नाही दिसली तर पहिलीच्या प्रवेशाला 'देखरेखीखाली' असा शिक्का बसेल." तिने पर्स तशीच खाली टाकली. "माझ्या पोरीला कसलं दुःख आहे गं? माझं काय चुकलं?"

ते सगळं चाललं होतं तेव्हा दुःखी पोर पलंगावर उभी राहून उशीला अंघोळ घालत होती.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. हे पत्रक 'हसरी' काढते. हसरी म्हणजे लिंबाएवढा कॅमेरा. दोन ते सहा वर्षांचं मूल असेल त्या घरात तीन कोपऱ्यांत तीन लावायचे, नाहीतर बालवाडीत घेत नाहीत. सेकंदाला तीस-तीस वेळा तो मुलाच्या चेहऱ्याचा फोटो घेतो. आपल्या डोळ्यांना दिसत नाही ते त्याला दिसतं. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्यात रक्त येतं आणि कातडीचा रंग अगदी किंचित बदलतो. हसरी त्यावरून लांबूनच नाडी मोजते. भुवई किती वर गेली, ओठाचा कोपरा किती खाली आला, पापणी किती वेळाने मिटली, सगळं केसाच्या जाडीइतकं अचूक. इथवर उत्तम आहे. यंत्राला मी उगाच नावं ठेवणार नाही.

गोम पुढे आहे. ओठाचा कोपरा खाली आला, ठीक. पण तो दुःखाने आला की आवळा आंबट लागला म्हणून आला? हे यंत्राला कळावं कसं? तर त्याला आधी लाखो फोटो दाखवतात. प्रत्येक फोटोवर माणसाने लावलेली चिठ्ठी असते, हा आनंदी, हा रागावलेला, हा घाबरलेला, हा उदास. असे ढीग तयार होतात. मग नवा चेहरा समोर आला की तो कुठल्या ढिगाशी जास्त जुळतो, एवढंच यंत्र सांगतं. उदासी म्हणजे काय हे त्याला कुठे ठाऊक? त्याला ढीग ठाऊक. ढीग लावणाऱ्या माणसाने चूक केली, तर तीच यंत्राची अक्कल होऊन बसते.

हे मला इतकं नीट कसं माहीत, ते येतंच आहे.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा अर्धी रजा टाकून थेंबांची बाटली घेऊन आली. 'भावसमतोल', सकाळी तीन, संध्याकाळी तीन. वरच्या मजल्यावरच्या ओजसला वर्षभर चालू आहेत तेच. ओजसचं पत्रक सदा हिरवं. गेल्या महिन्यात तो पोरगा जिन्यावरून गडगडत आला, हनुवटी फुटली, आणि माझ्याकडे बघून हसला. रक्त गळतंय आणि हसतोय. माझ्या अंगावर काटा आला होता.

"ते थेंब यमूच्या तोंडात जायचे नाहीत," मी म्हणाले.

"मग तू सांग दुसरा उपाय."

"आधी मला ते पत्रक बघू दे. कुठल्या वेळेला उदास असते ही बया?"

पत्रकात तासागणिक आलेख असतो. वर छापलेले टक्के दिवसातल्या सगळ्यात वाईट तासाचे; लोक तेवढेच बघतात आणि बंद करतात. मी चष्मा लावून बसले. सकाळी हिरवं. दुपारी हिरवं. रोज चार वाजले की लाल, ते साडेपाचपर्यंत. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, चारला लाल. शुक्रवारी मात्र हिरवंगार. शनिवारी परत लाल.

शुक्रवारी काय असतं आमच्याकडे? मी विचार करत बसले आणि भिंतीपलीकडे टण्ण करून तार वाजली. चार वाजले होते.

आमची मागची भिंत आणि दस्तगीरचाचांच्या कारखान्याची भिंत एकच. चाचा तंबोरे बनवतात. रोज चारला ते तयार तंबोरा घेऊन बसतात आणि तारा टेकतात त्या हाडाच्या घोडीवर कानस फिरवून, घासून घासून, तारेचा आवाज खुलवतात. त्याला जवारी काढणं म्हणतात. आधी तार ठणठणते, मग हळूहळू तिच्यातून मधमाश्यांसारखा गुणगुणाट निघायला लागतो. आणि शुक्रवारी नमाजानंतर चाचांचा कारखाना बंद.

मी मान वळवून बघितलं. यमू भिंतीला पाठ लावून बसली होती. हातातली बाहुली तशीच लोंबत होती, खालचा ओठ सुटला होता, भुवया जरा जवळ आल्या होत्या, डोळे कुठेच बघत नव्हते. कोपऱ्यातल्या हसरीचा दिवा लाल झाला.

"यमू, काय करतेस गं?"

"श्शू! आजी, आता माशी येणार तारेत."

थोड्या वेळाने आली माशी. यमूने फक्त एकदा मान हलवली. अहो, असं ऐकत बसलं की माणसाची नाडी मंदावते, चेहरा सैल पडतो. यंत्राने बिनचूक मोजलं होतं, आणि नाव मात्र साफ चुकीचं दिलं होतं.

मला हसू यायला हवं होतं. पण तो सुटलेला ओठ मी शेकडो वेळा पाहिला होता. कुठे पाहिला तेही आठवलं.

नऊ वर्षांपूर्वी, हसरी बनवायला निघालेल्या कंपनीचा केदार उपळेकर नावाचा तरतरीत मुलगा माझ्याकडे आला होता. 'मावशी, मुलांचे घरातले फोटो तुमच्याइतके कुणाकडे नाहीत. आम्हाला भावनेप्रमाणे लावून द्या. आनंदी चार हजार, रागावलेले चार हजार, उदास चार हजार.' मोठं काम होतं. मी खुशीत हो म्हणाले आणि कागदावर सह्या केल्या, त्यात हे काम कुणाला सांगणार नाही अशीही एक सही होती.

आनंदी फोटो ढिगाने होते. उदास आणायचे कुठून? आपल्याकडे मूल रडायला लागलं की कुठली आई फोटो काढू देते, सांगा! धावत येऊन उचलते, नाक पुसते, पावडर लावते, वर मला म्हणते, "रडका नका हो काढू, अशुभ दिसतं." तोवरच्या सव्वीस वर्षांत रडक्या मुलाचे शंभरसुद्धा फोटो माझ्याकडे नव्हते.

पण बाद फोटो होते. माझी पद्धत अशी, की काढलेले सगळे फोटो छोटे छोटे छापून आईपुढे ठेवायचे. ती लाल पेन्सिलीने खुणा करते, ते मोठे करायचे. हसरे निवडले जायचे. मूल कॅमेऱ्याकडे न बघता आपल्याच नादात असलं, मुंगीकडे बघतंय, बटण लावतंय, की आई म्हणायची, "हा नको, तोंड बघा कसं केलंय!" ते कापून मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत टाकायची, मागे नाव आणि तारीख लिहून. डब्यांवर लिहिलं होतं, 'बाद'.

मुदत जवळ आली होती. हसत नाहीत ना, मग उदासच की, असं म्हणून मी ते सगळेच्या सगळे फोटो स्कॅन करून उदासच्या ढिगात घातले. चार हजार. घरोघरी जाऊन पोरांचे चेहरे ओळखते म्हणून मिरवणारी मी!

त्या संध्याकाळी मी ऋतुजाला सगळं सांगितलं.

"म्हणजे हे तू केलंस?"

"मी केलं."

"आणि आता म्हणतेस थेंब देऊ नको. उद्या बालवाडीत काय सांगू? माझ्या आईने नऊ वर्षांपूर्वी चुकीच्या डब्यातले फोटो दिले, म्हणून लाल पुसा? कोण ऐकणार आहे?"

"मी ऐकायला लावते."

"तुझं नेहमीचंच आहे! शिक्का तुझ्यावर बसणार नाही, आई. तिच्यावर बसणार आहे."

आणि तिने यमूला थेंब दिले. मी काय करू शकत होते? आई ती आहे.

आठवड्यात आलेख हिरवा झाला. ऋतुजा खुश. "बघ, अठ्ठ्याहत्तर टक्के!" यमू दिवसभर गोड हसायची. जेवताना हसायची, पडली तरी हसायची. चारला भिंतीपलीकडे तार वाजली तरी ती बाहुलीचे केस विंचरत राहिली.

"यमू, चाचांनी तार लावली. माशी आली बघ."

"कुठली माशी?" तिने हसून विचारलं.

मी उठून स्टुडिओत गेले आणि दार लावून रडले. मग तोंड धुतलं आणि केदारला फोन लावला.

केदार आता कंपनीत मोठा साहेब झाला आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मावशी, तुमचे चार हजार आता समुद्रात थेंब आहेत. पुढचे कोट्यवधी फोटो यंत्राने स्वतःच लावलेत."

"कशाच्या जोरावर लावले? माझ्याच ढिगाशी ताडून ना? म्हणजे माझीच चूक कोट्यवधी वेळा झाली."

तो म्हणाला, "तुमच्या नातीपुरतं मी बघतो. तिच्या नावाला आतून कायमचा हिरवा शेरा लावतो. थेंब बंद करा, कुणाला कळणार नाही. फक्त ते डबे आमच्याकडे द्या, आणि विषय इथेच संपवा. गुरुवारी सकाळी माणूस पाठवतो."

ऋतुजाने ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले. "आई, देऊन टाक गं. हात जोडते. यमू सुटेल."

खोटं कशाला सांगू, मीही डबे काढायला गेले होते. माळ्यावर तीन डबे होते. पुसावेत म्हणून पहिला उघडला, आणि बसले तिथेच. एकेक चेहरा बघत गेले. नादात गेलेली पोरं, काय सुंदर दिसत होती! मागे माझ्याच अक्षरात नावं. कोण कुठल्या आळीतला, कुणाची आई कोण, सगळं आठवायला लागलं. माझी यमू सुटेल. आणि वरचा ओजस? तो काय ऐकत होता, काय बघत होता वर्षापूर्वी, ते कुणी विचारलं?

तळाशी एक फार जुना फोटो निघाला. मागे लिहिलं होतं, 'ऋतुजा, वय चार. बाद.' माझ्याच लेकीचा फोटो मी बाद केला होता.

तो मी पर्समध्ये ठेवला आणि डब्यांवर झाकणं घातली. "देणार नाही," मी ऋतुजाला सांगितलं. ती माझ्याशी बोलायची बंद झाली.

मंगळवार आणि बुधवार मी मिरजभर फिरले. दारं वाजवली. "तुमच्या पोराचा लहानपणीचा फोटो माझ्याकडे राहिलाय. गुरुवारी चारला बालवाडीत या, देते." एवढंच बोलले. गुरुवारी सकाळी कंपनीचा माणूस आला, त्याला चहा दिला आणि रिकाम्या हाताने परत धाडला.

बालवाडीचा हॉल भरला होता. चाळीसेक पालक होते, शिवाय मी बोलावलेल्या पंधरावीस आया आल्या होत्या. मुख्याध्यापिका शिंत्रेबाई आलेख दाखवून सांगत होत्या, की भावसमतोल थेंबांमुळे यंदा लाल मुलं निम्म्यावर आली. मी डबे काखोटीला मारून सरळ पुढे गेले.

"कोष्टीबाई, तुमची पाळी नंतर आहे."

"माझी पाळी नऊ वर्षांपूर्वीच आली होती, बाई. आता जरा बोलू द्या."

मी सगळं सांगितलं. कुणी हसलं, कुणी घड्याळ बघितलं. मागून एक बाप ओरडला, "पुरावा काय?" मी डबा उघडला.

"शबाना मुल्ला आल्यात का? हा तुमचा समीर. यंत्राच्या हिशेबात हा उदास आहे. बघून सांगा."

शबानाने फोटो हातात घेतला आणि तिचं तोंड उजळलं. "उदास कुठला! त्याने अब्बांचं घड्याळ खोललं होतं त्या दिवशी. चक्र फिरताना बघत होता. नंतर मारलं मी त्याला!"

"पद्मजा आवटी."

"ही माझी जुई. कोशातून फुलपाखरू निघत होतं ना कढीपत्त्यावर! दोन तास जेवायला आली नाही."

"मंगल ऐतवडे."

"अगोबाई! हा सुईत दोरा ओवतोय. त्याच्या आजीला दिसत नव्हतं म्हणून."

मला काही बोलावंच लागलं नाही. आया उठून पुढे येत होत्या, डब्यातून आपापला फोटो शोधत होत्या, आणि त्यांना सगळं आठवत होतं. कुठला दिवस, अंगात कुठलं झबलं, पोरगं कशात गुंगलं होतं. लाल पेन्सिलीने ज्यांनी हे चेहरे टाळले होते त्याच ह्या बायका. एकीलाही तो चेहरा उदास वाटला नाही.

मागच्या रांगेत ओजसची आई उभी राहिली. तिच्या हातात कुठलाच फोटो नव्हता. "माझा ओजस पाण्याकडे बघत बसायचा," ती म्हणाली. "बादलीत नळाची धार पडते ना, तिच्याकडे. तेव्हा लाल यायचं. आता नाही बसत." एवढं बोलून ती खाली बसली आणि पदरात तोंड खुपसलं.

ऋतुजा दाराशी उभी होती, हाताची घडी घालून. मी तिच्याजवळ गेले आणि पर्समधला फोटो दिला. तिने मागचं वाचलं, मग पुढचं बघितलं. सुटलेला ओठ, जवळ आलेल्या भुवया. यमूच बसलीय म्हणावं.

"काय करत होतीस, आठवतंय?" मी विचारलं.

"तुझं भिंग घेऊन साबुदाणा बघत होते," ती म्हणाली. "एकेक दाणा. प्रत्येकात खिडकी दिसत होती."

"मला माफ कर, पोरी. मी तुझाही बाद केला."

घरी आल्यावर तिने फ्रिजवरची बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली.

सभेने जग बदललं असं समजू नका. चाळीसातल्या अकरा घरांनी हसरी काढून टाकल्या. बाकीच्यांना शिक्क्याची भीती वाटते, त्यांना मी दोष देत नाही. शिंत्रेबाई म्हणाल्या, "मला पटतंय हो, पण नियम वरून येतात." यमूच्या पत्रकावर शिक्का बसला. केदारने फोन उचलणं बंद केलं, आणि शनिवारी नोटीस आली. करार मोडला, स्टुडिओला टाळं लावू, वगैरे वगैरे.

मला त्याचं काही नव्हतं. माझा जीव भिंतीपाशी अडकला होता. थेंब बंद केले त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार, तो रिकामाच गेला. शनिवारी चारला तार वाजली, यमू खेळत राहिली. रविवारी मी चाचांकडे गेले आणि म्हणाले, "चाचा, आज जरा जोरात."

"शैलाताई, जवारी जोरात निघत नसते," ते म्हणाले. "पोरगी येईल. घाई नका करू."

त्या दिवशीही ती भिंतीकडे फिरकली नाही. ऋतुजा रात्रंदिवस माझ्याकडे बघायची. तिच्या डोळ्यांत एकच प्रश्न असायचा, आणि तोच माझ्याही.

सोमवारी चारला ऋतुजा बँकेतून रजा काढून घरी होती. यमू पाटीवर रेघोट्या मारत होती. तार वाजली. कानस फिरली, परत तार वाजली. यमूचा हात चालत होता. मग थांबला. तिने डोकं एका बाजूला कलवलं. उठली, भिंतीपाशी गेली, पाठ टेकली आणि बसली. खालचा ओठ सुटला.

कोपऱ्यात हसरीचा दिवा लाल झाला. ऋतुजाने तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिने खुर्ची ओढली, त्यावर चढली आणि हसरी भिंतीवरून उपटून काढली. तारेसकट.

मी जमिनीवर पालथी पडले आणि माझा जुना कॅमेरा डोळ्याला लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी हसण्याची वाट बघितली नाही.

"आजी, श्शू," यमू मान न वळवता म्हणाली. "आली माशी."

तो फोटो मी भला मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला आहे. खाली लिहिलंय, 'यमुना, ऐकताना.' शेजारीच कंपनीची नोटीस लावली आहे, तीही चौकटीत घालून. पेठेतून जाताना बघा. आणि घरात पोर असं ओठ सोडून बसलं असेल तर त्याला हाक मारू नका. हवं तर फोटो काढायला मला बोलवा. दार उघडं आहे, टाळं लागेपर्यंत.